फ्रोझन शोल्डर: सुरुवातीलाच खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

निळीशाई

नमस्कार मंडळी. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डरचं निदान केलंय आणि खांद्याच्या सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन घ्या, असं सुचवलंय. विचार करायला त्यांनी वेळ दिलाय, म्हणून इथे विचारते आहे.

वय पन्नाशीच्या अलीकडचं. उजवा खांदा गेले काही महिने दुखतोय. कुठे पडले नाही, आपटले नाही. आधी वाटलं झोपेत अवघडला असेल. आता ब्राचा हूक मागे हात नेऊन लावता येत नाही, केस विंचरताना हात कानापाशीच थांबतो आणि चुकून कुणाचा धक्का लागला तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण खरा छळ रात्रीचा. त्या कुशीवर वळलं की जाग येते, मग पुन्हा झोप लागत नाही. दिवसभर चिडचिड होते.

एक्स-रे नॉर्मल आहे, शुगर नॉर्मल आहे, थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. तपासताना डॉक्टरांनी कोपर कमरेला टेकवायला सांगितलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला लावला. जिथे मी अडकले तिथेच ते स्वतः फिरवतानाही अडकलं. त्यावरून त्यांनी निदान केलं, एमआरआय सांगितला नाही.

माझ्या शंका: स्टिरॉइड म्हटलं की पोटात गोळा येतो, तो कितपत खरा? घरचे म्हणतात हे दुखणं आपोआप जातं, मग सुई कशाला? आणि आधी फिजिओथेरपी करून बघावी, नाही जमलं तर इंजेक्शन, असा क्रम ठेवला तर चालेल का? जाणकारांनी कृपया लिहावं.

रानवारा

माझ्या काकांचा खांदा असाच धरला होता. काही न घेता सुटला, वेळ मात्र लागला. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, वजन वाढतं, शुगर वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. जे दुखणं मुदत संपली की जाणारच आहे त्यासाठी सांध्यात औषध टोचून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. शेक, थोडा व्यायाम आणि धीर.

सांधेसोबती

निळीशाई ताई, मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. तुमच्या खांद्याला हात न लावता निदानावर काही बोलणार नाही, पण तुम्ही वर्णन केलेली तपासणी अगदी योग्य पद्धतीची आहे. पंजा बाहेर फिरवण्याची हालचाल या आजारात सगळ्यात आधी जाते. आणि ती रुग्णाने केली काय किंवा डॉक्टरांनी केली काय, सारखीच अडते. स्नायूबंध फाटला असेल तर बहुधा रुग्णाला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो. एक्स-रे काढतात तो सांधेझीज किंवा सांधा निखळलेला नाही ना हे बघायला. हे दोन्ही नसेल आणि हालचाल अशी अडत असेल तर एमआरआयची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

थायरॉइडचा उल्लेख केलात ते बरं झालं. थायरॉइड आणि मधुमेह असणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो. एकूण लोकांत साधारण २ ते ५ टक्के, मधुमेहींमध्ये १० टक्क्यांच्या वर. वय बहुतेक ४० ते ६०, बायकांत प्रमाण अधिक.

आता आत काय चाललंय ते नीट समजून घ्या, कारण इंजेक्शनचा सगळा हिशेब त्यावर आहे. खांद्याच्या सांध्याभोवती एक लवचीक आवरण असतं. सुरुवातीच्या काळात त्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, तिथे नव्या रक्तवाहिन्या आणि नसा वाढतात. म्हणून इतकं दुखतं. नंतर सूज ओसरत जाते, पण आवरण जाड आणि घट्ट झालेलं असतं. निरोगी सांध्यात १५ ते ३० मिली द्रव सहज मावतो, जखडलेल्या सांध्यात १० मिलीपेक्षाही कमी. या टप्प्यात दुखणं कमी आणि जखडणं जास्त. शेवटी हळूहळू हालचाल परत येते. टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात, पण पहिला दुखरा टप्पा काही महिन्यांचा आणि सगळा प्रवास एक ते तीन वर्षांचा धरा.

स्टिरॉइड सूज उतरवतं. सूज आहे तोवर त्याला काम आहे. आवरण एकदा घट्ट होऊन बसलं की स्टिरॉइड ते सैल करू शकत नाही. म्हणून 'आधी बाकी सगळं करून बघू, शेवटी इंजेक्शन' हा क्रम या एका आजारात उलटा आहे. ज्याची रात्रीची झोप उडालीय, ज्याला दुखणं सुरू होऊन काहीच महिने झालेत, त्याला सगळ्यात जास्त फायदा. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात दिसता.

रानवारा, तुमची काळजी रास्त आहे, पण ती महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्यांबद्दल खरी आहे. इथे साधारण ४० मिलीग्रॅम ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, सोबत भूल देणारं लिडोकेन, एकदा, थेट सांध्यात. काही अंश रक्तात जातो, नाही असं नाही. पण एका इंजेक्शनने हाडं ठिसूळ होत नाहीत. कोरियातल्या एका चाचणीत २० आणि ४० मिलीग्रॅम असे दोन डोस तोलून पाहिले, तर फायद्यात ठळक फरक आढळला नाही. म्हणून मधुमेही रुग्णाला कमी डोस द्यायला माझी हरकत नसते.

मंदसप्तक

मी मधुमेही आहे आणि हे इंजेक्शन घेतलंय, म्हणून अनुभव लिहिते.

मला कुशीवर झोपवलं, दुखरा खांदा वर, पंजा समोरच्या खांद्यावर. पाठीमागून सोनोग्राफीचा गार जेल लावलेला प्रोब टेकवला. डॉक्टर पडद्याकडे बघत सुई आत घालत होते आणि मलाही दिसत होती, एक उजळ तिरकी रेघ, हाडाच्या गोल कडेकडे सरकणारी. टोचल्याचं फार जाणवलं नाही. औषध आत जाताना मात्र खांद्यात कुणीतरी आतून दाबतंय असा ताण आला. उठून बसले तर हात आधीपेक्षा बराच वर गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हा भुलेचा परिणाम आहे, आज रात्री दुखेल, घाबरू नका. तसंच झालं. ती रात्र वाईट गेली, बर्फाने शेकत बसले. त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस सकाळी उठले आणि लक्षात आलं की रात्री जागच आली नाही.

आता शुगर. ती चढते, हे गृहीत धरा. माझी उपाशीपोटीची शुगर नेहमीच्या दीडपटीच्या वर गेली होती आणि आठवडाभरात खाली आली. मला आधीच बजावलं होतं, त्यामुळे ग्लुकोमीटर उशाशी होता आणि औषधाचा डोस वाढवायचा का हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. ज्यांची शुगर आधीच हाताबाहेर आहे त्यांनी ती आटोक्यात आणल्याशिवाय हे करू नये. एक दिवस चेहरा लाल आणि गरम झाला होता, तेही आपोआप गेलं.

पायवाट

फिजिओथेरपिस्ट आहे. सांधेसोबती यांच्याशी पूर्ण सहमत, आणि इंजेक्शननंतर काय करायचं ते सांगायला आले आहे. बऱ्याच जणांचं तिथे चुकतं.

इंजेक्शनने दुखणं कमी होतं, त्या मोकळ्या आठवड्यांत हात हलवला तर फायदा टिकण्याची शक्यता वाढते. नुसतं टोचून घेऊन हात तसाच पोटाशी धरून ठेवला तर ती संधी वाया गेली. २०२० मध्ये ६५ अभ्यास आणि ४,०९७ रुग्णांची आकडेवारी एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. त्यातही हेच सुचवलं होतं: आजाराला वर्षही झालं नसेल अशा रुग्णांना सांध्यातलं इंजेक्शन लवकर द्यावं आणि जोडीला घरी साधे व्यायाम करावेत.

'साधे' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दुखऱ्या टप्प्यात हात ओढून, पिरगळून, 'दुखेल पण सहन करा' म्हणत केलेली फिजिओथेरपी नुकसान करते. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ रुग्णांना दोन गटांत ठेवलं होतं. एका गटाला वेदनेच्या पलीकडे नेणारं जोरकस स्ट्रेचिंग, दुसऱ्याला फक्त समजावून सांगणं, वेदनेच्या आत राहून व्यायाम आणि झेपतील ती कामं. दोन वर्षांनी जोरकस गटातले ६३ टक्के आणि सौम्य गटातले ८९ टक्के लोक जवळपास नॉर्मल होते. हा आकडा मी प्रत्येक रुग्णाला सांगते, कारण 'जास्त दुखलं म्हणजे जास्त फायदा' ही समजूत फार खोल रुजलेली आहे.

करायचं ते असं. टेबलावर दुसऱ्या हाताचा आधार घेऊन कमरेतून वाका, दुखरा हात सैल सोडा आणि शरीर हलवून हात झुलू द्या. हात स्वतःहून हलवायचा नाही, अंग हलवायचं, हात आपोआप हलतो. दुसरं, उताणं झोपून कोपरं अंगाला चिकटवा, दोन्ही हातांत काठी आडवी धरा आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर न्या. कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवलात तर खांदा पुढे झुकत नाही. तिसरं, टेबलापुढे बसून तळहात टेबलावर ठेवायचा आणि पुढे सरकवत न्यायचा. दिवसातून दोन-तीनदा, थोडा वेळ. व्यायामानंतर दुखणं थोड्या वेळात शमलं तर प्रमाण बरोबर. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. इंजेक्शननंतर पहिले एक-दोन दिवस जड काम नको, नंतर हळूहळू सुरू करा.

झोपेसाठी: उताणं झोपत असाल तर कोपराखाली उशी, म्हणजे हात मागे पडत नाही. चांगल्या कुशीवर झोपत असाल तर समोर जाड उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर टाका.

रानवारा

दोघांचेही प्रतिसाद वाचले. स्टिरॉइडच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन यांतला फरक पटला. पण एक मुद्दा उरतोच. वर्षभराने इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले सारखेच असतात, असंही माझ्या वाचनात आलं आहे. ते खरं असेल तर घ्यायचं कशाला?

सांधेसोबती

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि तुमच्या वाचनात आलं ते खरं आहे. कॅनडात २००३ साली ९३ रुग्णांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. कुणाला एक्स-रेच्या मदतीने सांध्यात स्टिरॉइड, कुणाला नुसतं सलाइन, आणि दोन्हींत काहींना वर फिजिओथेरपी. सहा आठवड्यांनी स्टिरॉइडवाले स्पष्ट पुढे होते. बारा महिन्यांनी सगळे गट जवळपास एका पातळीवर आले.

यातून दोन अर्थ काढता येतात. एक, इंजेक्शनने आजार मुळापासून जात नाही. हे मी रुग्णाला आधीच सांगतो. दुसरा अर्थ माझ्या लेखी जास्त मोलाचा: मधले महिने कसे जातात याला किंमत आहे. ताईंनी वर लिहिलंय, रात्री झोप नाही, दिवसभर चिडचिड. ज्याला रोज कपडे घालताना कळ येते त्याला 'वर्षभराने सगळे सारखेच' हे वाक्य काय कामाचं? डोकेदुखीही बहुधा आपोआप थांबते, तरी आपण गोळी घेतो. दुखणं सुसह्य करायचं सुरक्षित साधन हाताशी असताना 'सोसा, जाईल' असं सांगायला माझी जीभ धजत नाही.

शिवाय 'आपोआप पूर्ण बरा होतो' हेही सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. बहुतेकांना रोजच्या व्यवहारात अडचण राहत नाही, पण काही वर्षांनी तपासलं तर बऱ्याच जणांत थोडं दुखणं किंवा थोडी कमी हालचाल सापडते. इंजेक्शनने हे टळतं असा दावा मी करणार नाही. पण इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांच्या आवरणाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांत घट्टपणा आणणाऱ्या पेशी कमी दिसल्या होत्या. म्हणजे औषध फक्त वेदना झाकत नाही, सुजेच्या प्रक्रियेवर काम करतं.

अनवट

माझा अनुभव थोडा वेगळा, तोही नोंदवून ठेवतो. मी इंजेक्शन घेतलं तेव्हा दुखणं जवळपास थांबलेलं होतं, हात मात्र खांद्याच्या वर जात नव्हता. दुखणं होतं तेवढं गेलं, हालचाल तसूभर वाढली नाही. नंतर डॉक्टरांनी सांध्यात सलाइन भरून आवरण ताणण्याची प्रक्रिया सुचवली. हायड्रोडायलेटेशन म्हणतात. ती केल्यावर आणि चिकाटीने व्यायाम केल्यावर हात हळूहळू मोकळा झाला. इंजेक्शन वाईट नव्हतं, पण माझ्या टप्प्यासाठी ते नव्हतं, हे वरचं वाचून आज नीट कळलं.

सांधेसोबती

अनवट, तुम्ही वर्णन केलंत तो दुसरा टप्पा. हा फरक ओळखायची एक सोपी खूण इंजेक्शनच्या खोलीतच मिळते. लिडोकेनने वेदना गेल्यावर लगेच हात उचलून बघायचा. मंदसप्तक यांचा हात बराच वर गेला, म्हणजे त्यांचा खांदा मुख्यतः वेदनेमुळे अडलेला होता, आवरण अजून घट्ट झालेलं नव्हतं. वेदना जाऊनही हात तिथेच अडला तर आवरण आकसलंय असं समजायचं आणि रुग्णाला स्टिरॉइडकडून फार आशा दाखवायची नाही.

तशा खांद्यांसाठी हायड्रोडायलेटेशन, भूल देऊन खांदा मोकळा करणं, किंवा दुर्बिणीतून आवरण कापून सैल करणं हे पर्याय आहेत. पण तिकडे घाईने जाऊ नये. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांची एक मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. भूल देऊन मोकळा करणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि स्टिरॉइड इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी, या तिघांत बारा महिन्यांनी रुग्णाला जाणवेल इतका फरक निघाला नाही. साध्या मार्गाने सुरुवात करायला याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

चालतेव्हा

दोन शंका. इंजेक्शन सोनोग्राफी न करता, नुसतं बोटाने चाचपून दिलं तर चालतं का? आणि एकाने भागलं नाही तर किती वेळा घ्यायचं?

सांधेसोबती

सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली सुई सांध्यात नेमकी पोचते, चाचपून दिलेली कधी कधी बाहेर राहते. पण अनुभवी हाताने चाचपून दिलेल्या इंजेक्शननेही पुष्कळ रुग्णांना आराम पडतो, दोन्हींच्या परिणामात फार मोठं अंतर दिसत नाही. सोय असेल तर मी सोनोग्राफी वापरतो. सोय नसेल तर तेवढ्यासाठी दुखरे महिने घालवू नयेत.

संख्या: पुष्कळांना एक पुरतं. काही आठवड्यांनी दुखणं परतलं तर दुसरं देतो. तिनाच्या पुढे जात नाही. पहिल्याने काडीचाही फरक पडला नसेल तर दुसरं देण्याआधी निदानच पुन्हा तपासतो.

डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करणारी औषधं, कुठलाही चालू जंतुसंसर्ग, औषधाची ॲलर्जी, आणि एचआयव्हीची औषधं. रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट चालू असताना ट्रायमसिनोलोन शरीरात साठून राहतं आणि त्रास देतं, त्यामुळे ही गोष्ट लपवू नका. बायकांची पाळी एखाद्या महिन्यात मागेपुढे होऊ शकते. टोचल्या जागेची त्वचा क्वचित फिकी पडते किंवा तिथे खळगा पडतो. सांध्यात जंतुसंसर्ग फार विरळा, पण ताप आला, खांदा लाल होऊन सुजला आणि दुखणं दिवसागणिक वाढतच गेलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. इंजेक्शननंतरची नेहमीची कळ एक-दोन दिवसांत उतरते. ही उतरत नाही.

एक गोष्ट धाग्याच्या विषयाबाहेरची, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, श्वास लागतोय, तर तो फ्रोझन शोल्डर समजून घरी बसू नका. थेट इमर्जन्सी.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम उलटा आहे हे मला कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. मी इंजेक्शन घ्यायचं ठरवलंय, तारीख ठरवून टाकली. पायवाट, तुमचं टॉवेलवालं वाक्य वहीत लिहून ठेवलंय. रानवारा, तुम्ही प्रश्न लावून धरलात म्हणून मला हवं ते उत्तर मिळालं, तुमचेही आभार.

एक शेवटची शंका. दुसऱ्या खांद्यालाही होतं का? आणि त्यासाठी आधीपासून काही करता येतं का?

सांधेसोबती

होऊ शकतं. बहुतेकांना होत नाही, पण काही जणांना पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या बाजूला होतं, मधुमेहींना जास्त. त्याच खांद्याला पुन्हा होणं मात्र फार क्वचित. टाळण्याचा खात्रीचा उपाय मला माहीत नाही. थायरॉइडची तपासणी वेळच्या वेळी करा आणि काही कारणाने डावा हात बरेच दिवस गळ्यात बांधून ठेवायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारून खांदा लवकर हलवायला लागा. आणि त्या बाजूला पंजा बाहेर फिरवताना अडायला लागला, रात्री ठणकायला लागलं, तर या वेळेइतके महिने घालवू नका. लगेच दाखवा.

पायवाट

निळीशाई, इंजेक्शनच्या दिवशी पुढून बटणं असलेला सैल शर्ट घालून जा. डोक्यावरून काढायचा कपडा त्या दिवशी फार त्रास देतो. घालताना आधी दुखरा हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. आणि घरी न्यायला कुणाला तरी सोबत बोलवा, भूल उतरेपर्यंत गाडी चालवू नका.

मंदसप्तक

आणि बर्फाची पिशवी आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाकून ठेवा.